वायूच्या दाबाची एकके

वायूच्या दाबाची एकके म्हणजे वायूने पृष्ठभागाच्या एकक क्षेत्रफळावर लंबदिशेने लावलेले बल मोजण्यासाठी वापरली जाणारी परिमाणे होत. आंतरराष्ट्रीय एकक पद्धतीत, म्हणजेच एसआय पद्धतीत, दाबाचे एकक पास्कल हे आहे. तथापि रसायनशास्त्र, हवामानशास्त्र, वैद्यक आणि उद्योग या क्षेत्रांत बार, मिलिबार, वातावरण, टॉर, मिलिमीटर पारा, किलोग्रॅम-बल प्रति चौरस सेंटीमीटर आणि पौंड प्रति चौरस इंच ही एककेही प्रचलित आहेत. दाबाचा कोणताही आकडा तीन गोष्टींनी पूर्ण होतो: संख्या, एकक आणि तो दाब निर्वातापासून मोजला आहे की भोवतालच्या हवेपासून याचा उल्लेख. यांपैकी एक जरी गाळली तरी वायूविषयक गणित चुकू शकते.

महाराष्ट्रातील रायगड जिल्ह्याच्या किनारपट्टीवर ही बहुतेक एकके एकाच परिसरात वापरात आढळतात. चक्रीवादळाचा इशारा हेक्टोपास्कलमध्ये दिला जातो, खत कारखान्यांतील दाब बार किंवा किलोग्रॅम-बलात सांगितला जातो आणि वाहनांच्या टायरमधील हवा पौंडांत मोजली जाते.

## दाबाची संकल्पना

वायूचे रेणू सतत यादृच्छिक गतीत असतात व पात्राच्या भिंतींवर आदळतात. या असंख्य आघातांचा एकत्रित परिणाम म्हणजे वायूचा दाब होय. दाब म्हणजे बल भागिले क्षेत्रफळ. त्यामुळे दाबाचे प्रत्येक एकक हे मुळात बलाचे एकक व क्षेत्रफळाचे एकक यांचा भागाकार असते. पाऱ्याच्या स्तंभाची उंची हे वरवर पाहता लांबीचे माप वाटते. परंतु तेथेही त्या उंचीच्या स्तंभाचे वजन त्याच्या तळावर जो दाब निर्माण करते तोच अभिप्रेत असतो.

समुद्रसपाटीवरील हवा प्रत्येक चौरस सेंटीमीटरवर सुमारे एक किलोग्रॅम वजनाइतके बल लावते. हा दाब सर्व दिशांनी व शरीराच्या आतूनही सारखाच असल्याने तो जाणवत नाही.

## इतिहास

शोषण पंपाने पाणी सुमारे दहा मीटरपेक्षा अधिक उंच चढत नाही, या व्यावहारिक अडचणीतून दाबाच्या मापनाचा प्रारंभ झाला. इटालियन शास्त्रज्ञ एव्हांजेलिस्टा टॉरिसेली यांच्या १६४३ सालच्या सुमाराच्या प्रयोगात पाण्याऐवजी पारा वापरण्यात आला. पाऱ्याने भरलेली नळी पाऱ्याच्याच पात्रात उलटी धरली असता स्तंभ सुमारे ७६ सेंटीमीटर उंचीवर स्थिरावतो, असे दिसून आले. पारा पाण्याच्या सुमारे १३.६ पट घन असल्याने पाण्याच्या दहा मीटर स्तंभाचे काम पाऱ्याचा पाऊण मीटर स्तंभ करतो. यातूनच वायुभारमापक हे उपकरण निर्माण झाले.

फ्रेंच विचारवंत ब्लेझ पास्कल यांच्या सूचनेवरून त्यांचे मेहुणे फ्लोरिन पेरिए यांनी १६४८ मध्ये प्यूई द डोम या पर्वतावर असाच स्तंभ नेला. शिखराकडे जाताना पाऱ्याची उंची कमी होते, असे त्यांना आढळले. हवेच्या दाबामुळेच पारा तोलला जातो, याचा हा महत्त्वाचा पुरावा ठरला. रॉबर्ट बॉईल यांनी १६६२ मध्ये वायूचा दाब व आकारमान यांतील व्यस्त संबंध प्रसिद्ध केला.

वजने व मापे यांच्या दहाव्या सर्वसाधारण परिषदेने १९५४ मध्ये प्रमाण वातावरणाचे मूल्य निश्चित केले. ते १,०१,३२५ न्यूटन प्रति चौरस मीटर इतके होते. या एककास 'पास्कल' हे नाव १९७१ मध्ये चौदाव्या परिषदेत मिळाले. भारतात वजने व मापे प्रमाण अधिनियम, १९५६ नुसार मेट्रिक पद्धती स्वीकारण्यात आली. सध्या वैधमापनशास्त्र अधिनियम, २००९ लागू आहे.

## प्रमुख एकके

पास्कल: एक चौरस मीटर क्षेत्रफळावर एक न्यूटन बल लंबदिशेने कार्य करत असल्यास तेथील दाब एक पास्कल असतो. हे एकक फार लहान असल्याने व्यवहारात हेक्टोपास्कल म्हणजे १०० पास्कल, किलोपास्कल म्हणजे १,००० पास्कल आणि मेगापास्कल म्हणजे १० लाख पास्कल ही रूपे वापरतात.

बार आणि मिलिबार: एक बार म्हणजे नेमके १,००,००० पास्कल. त्याचा हजारावा भाग म्हणजे मिलिबार. तो नेमका एका हेक्टोपास्कलइतका असतो. त्यामुळे मिलिबारमधील जुन्या हवामान नोंदी कोणतेही गणित न करता हेक्टोपास्कलमध्ये वाचता येतात.

वातावरण: एक प्रमाण वातावरण म्हणजे नेमके १,०१,३२५ पास्कल. समुद्रसपाटीवरील सरासरी दाबाच्या जवळचे हे ठरवून घेतलेले मूल्य आहे. एखाद्या ठिकाणचा प्रत्यक्ष दाब रोज याहून थोडा कमी-अधिक असतो.

टॉर आणि मिलिमीटर पारा: प्रमाण वातावरणाचा ७६० वा भाग म्हणजे एक टॉर. मिलिमीटर पारा हे एकक पाऱ्याची प्रमाण घनता व प्रमाण गुरुत्वत्वरण यांवरून ठरते. या दोहोंतील फरक सुमारे सत्तर लाखांत एक इतका अल्प असल्याने विद्यार्थ्यांच्या गणितांत दोन्ही समान मानतात. रक्तदाब अद्याप मिलिमीटर पाऱ्यातच सांगितला जातो.

किलोग्रॅम-बल प्रति चौरस सेंटीमीटर: यास तांत्रिक वातावरण असेही म्हणतात. हे प्रमाण वातावरणापेक्षा सुमारे सव्वातीन टक्क्यांनी लहान आहे. भारतीय कारखान्यांत हे अजूनही रूढ असून बोलण्यात त्याचा उल्लेख केवळ 'किलो' असा होतो.

पौंड प्रति चौरस इंच: यास पीएसआय असे संक्षिप्त नाव आहे. टायर, संपीडक व जुनी यंत्रसामग्री यांसाठी ते वापरले जाते.

| एकक | पास्कल | वातावरण | टॉर |
|---|---|---|---|
| १ पास्कल | १ | ०.०००००९८६९ | ०.००७५०१ |
| १ हेक्टोपास्कल किंवा १ मिलिबार | १०० | ०.०००९८६९ | ०.७५०१ |
| १ टॉर | १३३.३२२ | ०.००१३१५८ | १ |
| १ किलोपास्कल | १,००० | ०.००९८६९ | ७.५०१ |
| १ इंच पारा | ३,३८६.४ | ०.०३३४२ | २५.४ |
| १ पौंड प्रति चौरस इंच | ६,८९४.८ | ०.०६८०५ | ५१.७१ |
| १ किलोग्रॅम-बल प्रति चौरस सेंटीमीटर | ९८,०६६.५ | ०.९६७८ | ७३५.६ |
| १ बार | १,००,००० | ०.९८६९ | ७५०.१ |
| १ वातावरण | १,०१,३२५ | १ | ७६० |

## रूपांतराची पद्धत

एका एककातून दुसऱ्या एककात जाण्यासाठी दिलेल्या संख्येला अशा गुणोत्तराने गुणतात, की ज्याचे अंश व छेद एकच दाब दर्शवतात. असे गुणोत्तर एक या संख्येइतके असल्याने दाब बदलत नाही, केवळ त्याचे एकक बदलते. नको असलेले एकक छेदात व हवे असलेले एकक अंशात येईल अशी मांडणी करतात.

*उदाहरण:* ७३५ टॉर दाब किलोपास्कलमध्ये व्यक्त करणे.

७३५ टॉर × (१०१.३२५ किलोपास्कल ÷ ७६० टॉर) = ९८.० किलोपास्कल

सर्व जोड्यांचे गुणक पाठ करण्याची आवश्यकता नसते. दिलेला दाब प्रथम पास्कलमध्ये आणून नंतर हव्या त्या एककात नेता येतो. उत्तर पडताळण्यासाठी एक सोपी कसोटी आहे: मोठ्या एककात संख्या लहान येते आणि लहान एककात संख्या मोठी येते. ७६० टॉर व १,०१,३२५ पास्कल ही मूल्ये व्याख्येनेच नेमकी असल्याने उत्तरातील सार्थ अंक केवळ मोजलेल्या संख्येवरून ठरतात.

## निरपेक्ष दाब आणि गेज दाब

निर्वातापासून मोजलेल्या दाबास निरपेक्ष दाब म्हणतात. भोवतालच्या हवेच्या दाबापेक्षा किती अधिक दाब आहे हे दर्शविणाऱ्या मूल्यास गेज दाब म्हणतात. सिलिंडर, बाष्पित्र किंवा टायरवरील दाबमापक सामान्यतः गेज दाब दाखवतो; पात्र उघडे असताना त्याचा काटा शून्यावर असतो.

निरपेक्ष दाब = गेज दाब + भोवतालच्या हवेचा दाब

टायरमधील दाब ३२ पौंड प्रति चौरस इंच दाखवला असल्यास निरपेक्ष दाब ३२ + १४.७ = ४६.७ पौंड प्रति चौरस इंच, म्हणजे सुमारे ३२२ किलोपास्कल असतो. रक्तदाब हादेखील गेज दाबच आहे.

वायुनियमांत नेहमी निरपेक्ष दाब घ्यावा लागतो. समजा, एका पात्रातील वायूचा गेज दाब २.०० बार आहे आणि तापमान स्थिर ठेवून त्याचे आकारमान निम्मे केले. गेज दाबाची थेट दुप्पट केल्यास ४.०० बार हे चुकीचे उत्तर मिळते. योग्य रीतीने निरपेक्ष दाब ३.०१ बारवरून ६.०३ बार होतो व नवा गेज दाब सुमारे ५.०१ बार येतो. येथे एकक योग्य असूनही संदर्भबिंदू चुकल्यामुळे एका बारचा फरक पडतो. वायूची पात्रे व झडपा यांच्या सुरक्षिततेच्या दृष्टीने हा फरक महत्त्वाचा आहे.

## रसायनशास्त्रातील गणिते

### वायू स्थिरांक

आदर्श वायूच्या समीकरणानुसार दाब व आकारमान यांचा गुणाकार हा मोलसंख्या, वायू स्थिरांक व निरपेक्ष तापमान यांच्या गुणाकाराइतका असतो. वायू स्थिरांकाचे अंकमूल्य निवडलेल्या एककांवर अवलंबून असते.

| दाबाचे एकक | आकारमानाचे एकक | वायू स्थिरांक, प्रति मोल प्रति केल्विन |
|---|---|---|
| पास्कल | घनमीटर | ८.३१४ |
| किलोपास्कल | लिटर | ८.३१४ |
| बार | लिटर | ०.०८३१४ |
| वातावरण | लिटर | ०.०८२०६ |
| टॉर | लिटर | ६२.३६ |

### प्रमाण तापमान व दाब

शुद्ध व उपयोजित रसायनशास्त्राच्या आंतरराष्ट्रीय संघाने १९८२ मध्ये प्रमाण दाब एका वातावरणाऐवजी एक बार इतका ठरवला. त्यामुळे ० अंश सेल्सिअसला आदर्श वायूचे मोलर आकारमान २२.७१ लिटर होते. एका वातावरणाच्या जुन्या व्याख्येनुसार ते २२.४१ लिटर येते. दोन्ही संख्या पाठ्यपुस्तकांत आढळतात व आपापल्या व्याख्येनुसार अचूक आहेत. म्हणून गणितात कोणती व्याख्या गृहीत धरली आहे हे आधी पाहणे आवश्यक ठरते.

### पाण्यावर गोळा केलेला वायू

प्रयोगशाळेत पाणी विस्थापित करून गोळा केलेल्या वायूत पाण्याची वाफ मिसळलेली असते. डाल्टन यांच्या आंशिक दाबाच्या नियमानुसार एकूण दाबातून पाण्याचा बाष्पदाब वजा करावा लागतो. कोकणासारख्या उष्ण प्रदेशात ही दुरुस्ती मोठी असते, कारण तापमानाबरोबर बाष्पदाब झपाट्याने वाढतो.

*उदाहरण:* किनाऱ्यावरील एका प्रयोगशाळेत तापमान ३० अंश सेल्सिअस व हवेचा दाब १,००६ हेक्टोपास्कल आहे असे मानू. मॅग्नेशिअमच्या फितीवर सौम्य आम्लाची क्रिया करून ५०.० मिलिलिटर हायड्रोजन पाण्यावर गोळा केला. ३० अंशांना पाण्याचा बाष्पदाब ३१.८ टॉर असतो.

* बाष्पदाब: ३१.८ × १.३३३ = ४२.४ हेक्टोपास्कल
* हायड्रोजनचा आंशिक दाब: १,००६ − ४२.४ = ९६३.६ हेक्टोपास्कल = ९६.३६ किलोपास्कल
* मोलसंख्या: (९६.३६ × ०.०५००) ÷ (८.३१४ × ३०३.१५) = ०.००१९१ मोल

एक मोल मॅग्नेशिअमपासून एक मोल हायड्रोजन मिळतो. त्यामुळे वापरलेल्या फितीचे वस्तुमान सुमारे ०.०४६५ ग्रॅम ठरते. बाष्पदाबाची दुरुस्ती न केल्यास मोलसंख्या सुमारे ४.४ टक्के जास्त येते. बाष्पदाब टॉरमध्येच ठेवून तो हेक्टोपास्कलमधून वजा केल्यासही उत्तर चुकते. बेरीज-वजाबाकीपूर्वी दोन्ही दाब एकाच एककात आणावे लागतात.

### समतोल स्थिरांक

वायूंच्या अभिक्रियांत आंशिक दाबांवरून काढलेला समतोल स्थिरांकही एककानुसार बदलू शकतो. नायट्रोजनच्या एका व हायड्रोजनच्या तीन रेणूंपासून अमोनियाचे दोन रेणू तयार होतात. रेणूंची संख्या चारवरून दोनवर येत असल्याने या स्थिरांकात दाबाचा वर्ग छेदात येतो. म्हणून बारऐवजी वातावरण हे एकक वापरल्यास स्थिरांकाचे अंकमूल्य १.०१३२५ च्या वर्गाने, म्हणजे सुमारे २.७ टक्क्यांनी वाढते. जेथे दोन्ही बाजूंस वायूंच्या रेणूंची संख्या समान असते तेथे असा बदल होत नाही.

## रायगड किनाऱ्यावरील उदाहरणे

### निसर्ग चक्रीवादळ

३ जून २०२० रोजी दुपारी 'निसर्ग' हे तीव्र चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेस रायगड किनाऱ्यावर धडकले. श्रीवर्धन, मुरूड व लगतच्या भागांत नारळ-सुपारीच्या बागांची व घरांची मोठी हानी झाली. या वादळाच्या केंद्रातील किमान दाब ९८४ हेक्टोपास्कल इतका नोंदवण्यात आला आहे. हाच दाब इतर एककांत पुढीलप्रमाणे येतो:

* ९८४ मिलिबार किंवा ९८.४ किलोपास्कल
* ०.९७१ वातावरण
* ७३८ मिलिमीटर पारा किंवा २९.०६ इंच पारा
* १४.२७ पौंड प्रति चौरस इंच

प्रमाण वातावरणाशी तुलना करता ही घट केवळ तीन टक्क्यांची दिसते. तरीही विध्वंस मोठा होतो. वाऱ्याचा वेग दाबाच्या मूल्यावर नव्हे, तर थोड्या अंतरात दाब किती बदलतो यावर अवलंबून असतो. तसेच जूनमध्ये कोकण किनाऱ्यावरील नेहमीचा दाब प्रमाण वातावरणापेक्षा कमीच असतो. त्यामुळे वादळाची तीव्रता तपासताना १,०१३.२५ हेक्टोपास्कलशी नव्हे, तर भोवतालच्या प्रत्यक्ष दाबाशी तुलना करणे योग्य ठरते. भोवतालचा दाब १,००४ हेक्टोपास्कल धरल्यास फरक २० हेक्टोपास्कल, म्हणजे १५ मिलिमीटर पारा होतो. दाब एका हेक्टोपास्कलने घटल्यास समुद्राची पातळी सुमारे एक सेंटीमीटर उचलली जाते. या हिशेबाने केवळ दाबामुळे पाणी सुमारे २० सेंटीमीटर चढते. वादळी लाटांतील उरलेली वाढ प्रामुख्याने वाऱ्यामुळे होते.

### उंची आणि समुद्रसपाटी

रायगड किल्ल्याची उंची समुद्रसपाटीपासून सुमारे ८२० मीटर आहे. प्रमाण वातावरणाच्या प्रतिमानानुसार या उंचीवर दाब सुमारे ९१९ हेक्टोपास्कल, म्हणजे ६८९ मिलिमीटर पारा असतो व पाणी सुमारे ९७ अंश सेल्सिअसला उकळते. हा दाब निसर्ग वादळाच्या केंद्रातील दाबापेक्षाही कमी आहे. तथापि त्याचा अर्थ गडावर वादळ आहे असा होत नाही. वेगवेगळ्या उंचीवरील नोंदींची तुलना करता यावी म्हणून हवामान नकाशांवरील दाब समुद्रसपाटीला अनुसरून काढलेला असतो. वायूच्या गणितात मात्र त्या ठिकाणचा प्रत्यक्ष दाबच घ्यावा लागतो.

### समुद्रतळ व वायू उद्योग

समुद्राच्या पाण्यात दर दहा मीटर खोलीला दाब सुमारे एका बारने वाढतो. मुंबई हाय या तेल व वायू क्षेत्रात समुद्र सुमारे ७५ मीटर खोल आहे. तेथे तळाशी गेज दाब सुमारे ७.५ बार व निरपेक्ष दाब सुमारे ८.५ बार असतो. या क्षेत्रातील तेल व वायू समुद्राखालील वाहिन्यांतून उरण येथे आणले जातात.

अलिबागजवळील थळ येथे राष्ट्रीय केमिकल्स अँड फर्टिलायझर्स या सार्वजनिक कंपनीच्या कारखान्यात नैसर्गिक वायूपासून अमोनिया व युरिया तयार केला जातो. अमोनियाच्या निर्मितीत रेणूंची संख्या घटत असल्याने ल शातलिए यांच्या तत्त्वानुसार उच्च दाब अनुकूल ठरतो. जगभरातील अशा संयंत्रांत हा दाब सामान्यतः १०० ते २५० बारदरम्यान असतो. उदाहरणादाखल २०० बार म्हणजे २० मेगापास्कल, १९७.४ वातावरण, २०३.९ किलोग्रॅम-बल प्रति चौरस सेंटीमीटर किंवा सुमारे २,९०० पौंड प्रति चौरस इंच होय. बार व किलोग्रॅम-बल ही एकके समान मानल्यास या पातळीवर जवळपास चार एककांची तफावत पडते.

### स्वयंपाकाचा गॅस

घरगुती सिलिंडरच्या रेग्युलेटरमधून बाहेर पडणाऱ्या वायूचा दाब भारतात ३० ग्रॅम-बल प्रति चौरस सेंटीमीटर असा प्रमाणित आहे. तो २.९४ किलोपास्कल किंवा सुमारे २२ मिलिमीटर पारा इतका होतो. हा गेज दाब असल्याने शेगडीकडे जाणाऱ्या वायूचा निरपेक्ष दाब सुमारे १०४ किलोपास्कल, म्हणजे बाहेरील हवेपेक्षा जेमतेम तीन टक्के अधिक असतो. सिलिंडरच्या आत मात्र वायू स्वतःच्या बाष्पदाबाखाली द्रवरूपात असून तो दाब याच्या अनेक पट असतो.

## वारंवार होणाऱ्या चुका

* बार व वातावरण एकच मानणे: यामुळे सुमारे १.३ टक्क्यांची चूक होते. अंदाजासाठी ती चालते, अचूक गणितात नाही.
* हेक्टोपास्कल व किलोपास्कल यांची गल्लत: उत्तर दहापट चुकते. १,०१३ हेक्टोपास्कल म्हणजे १०१.३ किलोपास्कल.
* सेंटीमीटर पारा व मिलिमीटर पारा यांची गल्लत: ७६ सेंटीमीटर व ७६० मिलिमीटर हा एकच दाब आहे.
* मेगा व मिली या उपसर्गांची गल्लत: मेगापास्कल व मिलिपास्कल यांत एक अब्ज पटींचा फरक असतो.
* वायू स्थिरांक व दाबाचे एकक न जुळणे: दाब टॉरमध्ये असताना ०.०८२०६ वापरल्यास मोलसंख्या ७६० पट येते.
* गेज दाब वायुनियमात घालणे: दाब जितका कमी, तितकी ही चूक प्रमाणाने मोठी होते.

## हे सुद्धा पहा

* आदर्श वायू
* बॉईलचा नियम
* डाल्टनचा आंशिक दाबाचा नियम
* वायुभारमापक
* चक्रीवादळ
* हाबर प्रक्रिया